माणग्याचा पहिला कमठा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कुडाळजवळ राहता आणि लाकडी धनुष्य स्वतःच्या हातानं करायचं तुमच्या मनात आहे. परदेशी व्हिडिओंत यू आणि ओसेज ऑरेंज ही लाकडं वापरतात, ती आपल्याकडे मिळत नाहीत, म्हणून परसातल्या बांबूची दोन धनुष्यं करून पाहिलीत. पहिलं ओढताना गाठीवर तुटलं. दुसरं तुटलं नाही, पण वरच्या बाजूला कोपरासारखं वाकलं आणि तसंच राहिलं. आता ५० पाउंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागेल असं, धनुष्य होईल असं लाकूड कोणतं आणि ते कुठून मागवावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी १७ वर्षं धनुष्यं करतोय. सुरुवात सातपुड्यात, धडगावच्या बाजूच्या एका भिल्ल आजोबांच्या ओट्यावर झाली, म्हणून माझ्या तोंडात धनुष्याला अजून कमठा हाच शब्द बसलाय. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा वाटलं ते सांगतो: कृपा करून लाकूड मागवू नका. तुमच्या दोन धनुष्यांनी जी तक्रार केली आहे ती लाकडाची नाही. महागडं लाकूड आणलंत तर तेही याच दोन जागी जाईल.

पहिलं गाठीवर का तुटलं? तुम्ही लिहिलंय की बांबू 'छान गुळगुळीत' करण्यासाठी गाठीचे उंचवटे रंध्यानं सपाट केले. तिथेच घात झाला. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबलं जातं. बांबूचे सगळ्यात दाट आणि चिवट तंतू त्याच्या सालीखाली असतात. आत जावं तसे ते विरळ होतात. म्हणजे निसर्गानं पाठ तयार करूनच दिलेली असते. गाठीजवळ हे तंतू वळसा घेऊन जातात. तिथे रंधा मारला की ते मधेच कापले जातात, आणि कापलेला तंतू ताण पेलत नाही. तेव्हा पाठीला हात लावायचा नाही. साल खरवडायची नाही, गाठ तासायची नाही. फार तर बारीक पॉलिश पेपरनं टोचणारी कड मोडायची. जे काढायचं ते पोटाकडून आणि कडांनी.

दुसरं का वाकलं, हे समजायला बांबू हातात घेऊन बुडाकडून शेंड्याकडे बोट फिरवा. बुड जाड, शेंडा बारीक. तुम्ही मध्य मोजून मूठ ठरवलीत आणि दोन्ही बाजूंनी सारखंच तासलंत. पण कांब, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, मुळातच सारखी नव्हती, त्यामुळे शेंड्याकडची पाती आधीच कमजोर होती. (मुठीच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भागांना मी पाती म्हणतो.) धनुष्य जिथे सगळ्यात दुबळं तिथेच सगळं वाकतं, आणि वाकून आणखी दुबळं होतं. दाराला बिजागरी असते तशी तिथे बिजागरी तयार होते. धनुष्य करणं म्हणजे मुख्यतः ही बिजागरी होऊ न देणं, दोन्ही पात्यांनी वाकण्याचं काम वाटून घेणं. परदेशी मंडळी त्याला टिलरिंग म्हणतात. आजोबा म्हणायचे, 'दोन्हीकडं सारखं लाव'. शिकायचं ते एवढंच आहे. बाकीचं चांगल्या सुताराला आधीच येत असतं.

आता यू आणि ओसेजबद्दल. त्यांच्यात जादू आहे असं मला वाटत नाही. डेन्मार्कमध्ये होल्मगार्डच्या दलदलीत १९४४ साली जी धनुष्यं सापडली, ती एल्म या तिकडच्या झाडाच्या लाकडाची आहेत, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची. त्या माणसांनी जवळचं लाकूड घेतलं आणि त्याला झेपेल तसा आकार दिला: पाती रुंद आणि चपटी. जगभर हेच झालं. भूतानमध्ये बांबूच्या दोन पट्ट्या मुठीशी जोडून धनुष्य करतात. भिल्लांच्या कमठ्यात तर धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूच्याच पातळ पट्टीची. राजस्थानच्या अहारी समाजातले लिंबा राम असल्याच बांबूच्या धनुष्यावर तयार होऊन १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत गेले. आपल्या सह्याद्रीतली धामण तर संस्कृत निघंटूंत (वनस्पतींच्या जुन्या कोशांत) धनुर्वृक्ष या नावानंच ओळखली जाते. धामणीचं लाकूड मी वापरलं आहे आणि मला ते फार आवडतं. पण पहिल्या धनुष्यासाठी ते सुचवणार नाही, कारण उभं झाड तोडायला परवानगी लागते आणि ओंडका फाडून सुकवण्यात वर्ष जातं. वर्षभर वाट बघून केलेलं पहिलं धनुष्य मोडलं की माणूस हा नाद सोडतो, हे मी पाहिलं आहे.

तुमच्याकडे तर माणगा आहे! सिंधुदुर्गातल्या बांधांवर उभा असलेला हा बांबू जवळजवळ भरीव असतो आणि त्याला काटे नसतात. सातपुड्यात आम्ही मानवेल वापरायचो, तोही असाच जाड भिंतीचा. पोकळ बांबूची भिंत पातळ असल्यानं त्यात चूक सुधारायला जागा नसते, माणग्यात असते. नवशिक्याला हवी ती नेमकी हीच सवलत. तुमचा पहिला बांबू कुठला होता ते तुम्ही लिहिलं नाही, पण 'ऑगस्टमध्ये तोडला' एवढं लिहिलंय, आणि ती तिसरी चूक.

ओल हा विषय कोकणात सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. ओलं लाकूड सहसा तुटत नाही, वाकतं आणि वाकलेलंच राहतं. धनुष्याला ८ ते १० टक्के ओल मानवते. पावसाळ्यात किनाऱ्यावर मोकळ्यावर ठेवलेलं सुकं लाकूडही १५ टक्क्यांच्या वर जातं. जूनमध्ये खणखणीत असलेला कमठा ऑगस्टमध्ये मऊ लागतो तो यामुळे. शिवाय पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला पोखरणारे भुंगेरे लागतात. सकाळी कांबीखाली पिवळसर पीठ पडलेलं दिसलं तर समजा. म्हणून बांबू डिसेंबर-जानेवारीत तोडायचा. जुनी माणसं अंधाऱ्या पक्षात तोडा म्हणतात, मीही तेव्हाच तोडतो. किमान ३ वर्षांचा बघा: पेरांना वेढणारी कोषपानं गळून गेलेली, पांढरी भुकटी गेलेली, रंग मळकट, टिचकी मारली तर आवाज ठसठशीत. यंदाचा हिरवागार सरळ कोंब दिसायला देखणा असतो, पण तो घेऊ नका.

तोडल्यावर आठवड्याभरात चिरा. कोयता शेंड्याकडून मधोमध बसवा आणि हळूहळू उतरवत न्या. चीर एका बाजूला सरकायला लागली तर ज्या बाजूला जाडी जास्त राहते आहे, ती बाजू जास्त वाकवून ओढा. चीर त्या बाजूला परत येते. ही युक्ती हातात आली की अर्धे बुरुडकाम आलं. मिळालेल्या दोन कांबी सावलीत, वारा लागेल अशा उभ्या ठेवा. चुलीवर माळा असेल तर उत्तमच, धुरानं कीड लागत नाही. किती दिवस सुकवायचं, याचं ठरलेलं उत्तर माझ्याकडे नाही. ते जाडीवर, हवेवर आणि घरावर अवलंबून आहे. उपाय मात्र सोपा आहे: स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी कांबीचं वजन करा आणि कांबीवरच पेन्सिलनं लिहा. सलग तीन आठवडे वजन हललं नाही की कांब तयार. कोकणात चिरलेल्या माणग्याला मी दोन-तीन महिने धरतो. म्हणजे करायचा मोसम मार्च ते मे.

आता ५० पाउंडांबद्दल. तुम्हाला तो आकडा का हवा आहे ते कळतं. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जागतिक विजेते झाले, तेव्हापासून मला विचारणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोक्यात एक आकडा असतो. पण त्यांच्या हातात कंपाउंड धनुष्य होतं. त्याच्या टोकांना चाकं असतात आणि पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. लाकडी धनुष्यात ओढ वाढेल तसा भार वाढतच जातो आणि शेवटच्या क्षणी तो सगळ्यात जास्त असतो. ५० पाउंड म्हणजे जवळजवळ २३ किलो, तीन बोटांवर, नेम धरेपर्यंत. सराव नसलेला माणूस ते नीट ओढू शकत नाही. अर्धवट ओढून सोडतो, अंग वाकडं करतो आणि खांदा दुखावून घेतो.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. जितकं धनुष्य जोरकस, तितका प्रत्येक तंतूवर ताण जास्त, आणि तितकी चुकीला माफी कमी. २५ पाउंडांच्या धनुष्यात थोडी बिजागरी झाली तर ती दिसते, तुम्ही थांबता, सुधारता. ५० च्या धनुष्यात तीच चूक दिसायच्या आत आवाज येतो. तेव्हा पहिली तीन धनुष्यं २५ ते ३० पाउंडांचीच करा. काट्यावर ते ११ ते साडेतेरा किलो.

आकार सांगतो. तुमची उंची लिहिलेली नाही, म्हणून ओढ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर दोरी मुठीपासून जितकी लांब येते ते अंतर, २६ ते २८ इंच धरतो, बहुतेकांची तेवढी असते. कांब साडेपाच फूट घ्या. हात लांब असतील तर आणखी दोन इंच. लांब धनुष्य थोडं सुस्त असतं, पण कमी वाकून तेवढीच ओढ देतं, म्हणून टिकतं. मुठीत रुंदी ३० ते ३२ मिलिमीटर, टोकांना १५. वेगळी ताठ मूठ कोरू नका. भिल्लांच्या कमठ्यासारखी सगळी कांब, मुठीसकट, थोडीथोडी वाकू द्या. बुडाकडची बाजू खाली, शेंड्याकडची वर. आणि तासायला सुरुवात बुडाकडच्या पातीपासून करा, ती शेंड्याकडच्या पातीशी जुळेपर्यंत. तुमच्या दुसऱ्या धनुष्यात राहिलं ते हेच.

हत्यारं फार नकोत. कोयता, एक बारका रंधा, लाकडाची दातेरी कानस, कांब धरायला वाइस किंवा दोन क्लॅम्प. शेवटच्या कामाला खरवडणी हवी. जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा चालतो. जुने सुतार काचेनं खरवडतात, तेही चालतं, हातमोजे घालून. याशिवाय बॅगा तोलायचा डिजिटल हूकवाला काटा घ्या. तो नसेल तर हे काम सुरूच करू नका, इतका मी त्यावर विसंबतो.

कुठून आणि किती काढायचं, याचं गणित एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप सावध होतो. रुंदी कमी केली तर ताठपणा तेवढ्याच प्रमाणात कमी होतो: ३० मिलिमीटरची २७ केली तर १० टक्के. जाडीचं तसं नाही, तिथे घनाचा हिशेब लागतो. १२ मिलिमीटर जाडीतून फक्त १ मिलिमीटर काढला तर ताठपणा साधारण २३ टक्के उतरतो. एका मिलिमीटरमागे जवळजवळ पाव जोर! म्हणून पहिला ढोबळ आकार आला की रंधा बाजूला ठेवायचा, आणि पुढचं सगळं खरवडणीनं.

मग क्रम असा. आधी टोक जमिनीला टेकवून कांब हलकेच दाबा, दुसऱ्या हातानं वाक चाचपा. दोन्ही पात्या सारख्या लागल्या की टोकांपासून इंचभर आत कडांना तिरप्या खाचा घ्या. खाचेच्या खाली दोरा घट्ट गुंडाळून फेव्हिकॉल लावा, नाहीतर बांबू तिथून उभा चिरतो. आता सैल, लांब दोरी चढवा आणि कमठा भिंतीवरच्या एका मजबूत खुंटीवर आडवा ठेवा. दोरीला काटा अडकवा, काट्याला सुतळी, सुतळी खाली कप्पीतून घेऊन दूर उभे राहून ओढा. दूर उभं राहण्याची दोन कारणं. एक तर कमठा तुटला तर तुकडे तुमच्या अंगावर येत नाहीत. माझा तिसरा कमठा हातात ओढताना मोडला आणि तुकडा भुवईवर बसला. चार टाके पडले, डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून गॉगलशिवाय मी ओढत नाही. दुसरं म्हणजे, दुरूनच वाक नीट दिसतो.

हा वाक बघायला शिकणं म्हणजे अर्ध्याहून जास्त काम, आणि त्याला वेळ लागतो. सुरुवातीला मलाही सगळंच सारखं दिसायचं. दोन गोष्टी मदत करतील. मागे टाइल्सची भिंत असेल तर मोबाइल तिपाईवर लावून प्रत्येक वेळी त्याच जागेवरून फोटो काढा. टाइल्सच्या रेषांवरून कोणती पाती खाली गेली ते लगेच कळतं. फोटो आरशात बघितल्यासारखा उलटा करूनही पाहा, डाव्या-उजव्याची सवय मोडते. दुसरं, सहा इंचांची एक सरळ लाकडी पट्टी घ्या, मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. कमठा थोडा वाकवलेला असताना ही पट्टी पोटावरून फिरवायची. जिथे वाक सगळ्यात जास्त आहे तिथे पेन्सिल जेमतेम टेकणार नाही, इतकी ती पुढे काढा. मग जिथे जिथे पाती कमी वाकते आहे तिथे तिथे पेन्सिल उमटेल. खूण उमटली तिथलं खरवडायचं, कोऱ्या जागेला हात लावायचा नाही. बिजागरीवर लाकूड परत चिकटवता येत नाही. तिच्या आजूबाजूचं कमी करून बाकीच्या पातीला कामाला लावावं लागतं. त्यात धनुष्याचा जोर उतरतो. उतरू द्या.

दहा-बारा वेळा खरवडलं की २५-३० वेळा हलकेच ओढा, आणि मगच पुन्हा बघा. काढलेल्याचा परिणाम लगेच दिसत नाही; ओढून ओढून तंतू जागेवर आले की दिसतो. या घाईपायी चांगल्या कांबी वाया जाताना मी पाहिल्या आहेत. आणि काट्यावर ठरवलेला आकडा कधीच ओलांडायचा नाही. २५ पाउंडांचा करायचा असेल तर ११ किलो दिसले की थांबा, मग ओढ दहाच इंच झालेली असो. खरवडा, पुन्हा ओढा, आता ११ किलोला बारा इंच येतील. असं करत २६-२८ इंचांपर्यंत जायचं. मधे, साधारण पंधरा इंचांवर, आखूड दोरी चढवा. दोरी आणि मूठ यांत साडेपाच इंच अंतर ठेवा. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या किंवा पाठीवर सालीची काडी उचललेली दिसली, तर तो कमठा तिथेच थांबवा आणि ओढ कमी ठेवून वापरा.

दोरीचं थोडक्यात. पूर्वी मूर्वा नावाच्या वनस्पतीच्या धाग्याची दोरी करत, त्यावरूनच संस्कृतात दोरीला मौर्वी म्हणतात. पण पहिल्या धनुष्याला तुटणारी दोरी नको, कारण दोरी तुटली की बहुतेक वेळा कमठाही जातो. धनुर्विद्येच्या सामानात डॅक्रॉनचा (पॉलिएस्टरचा) बी-५० दोरा मिळतो, त्याचे १० ते १२ पदर पुरतात. नायलॉन नको, तो लांबत राहतो.

बाण न लावता दोरी सोडू नका, एकदाही नाही. जी शक्ती बाणानं न्यायची ती लाकडात परतते. बाणही फार हलका नको, २५ पाउंडांना किमान १६ ग्रॅम, मी २० च्या वर ठेवतो. काम झालं की दोरी उतरवा. जवसाचं तेल तीन-चार हात द्या, आणि पावसाळ्यात कमठा भिंतीला टेकवून न ठेवता घरातल्या कोरड्या जागी आडवा ठेवा.

दोन गोष्टी कायद्याच्या. स्वतःच्या किंवा ओळखीच्याच्या बांधावरचा माणगाच घ्या; वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला आहे, पण वनखात्याच्या जंगलातला आजही तसा तोडता येत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार शिकार हा गुन्हा आहे. २५ पाउंडांचा बाणही माणसाच्या अंगात शिरतो, म्हणून निशाणामागे मातीची दरड किंवा भाताच्या पेंढ्यांची उंच रास असल्याशिवाय बाण सोडू नका, आणि वाडीतली पोरं तुमच्या पाठीमागे उभी आहेत हे आधी मोजून घ्या.

तुमचे दोन मोडके कमठे टाकले नसतील तर जपून ठेवा. पहिल्याचा तुटलेल्या गाठीचा जवळून फोटो काढा, साल वर ठेवून आणि कडेनं असे दोन. दुसऱ्याच्या वरच्या आणि खालच्या पातीची जाडी दर सहा इंचांवर मोजून लिहा आणि हे सगळं मला पाठवा. यंदाचा बांबू जानेवारीत तोडाल. तोवर या मोजमापांवरून नव्या कांबीत कुठून किती काढायचं ते आपण बसवून ठेवू.